तेलविहिरीची ‘खोली’ नेमकी कशाला म्हणायची? सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी ड्रिलिंगच्या पद्धती

रशियातल्या कोला द्वीपकल्पावर सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९७० साली संशोधनासाठी एक बोअर मारायला घेतली. १९८९ पर्यंत ती १२,२६२ मीटरवर पोहोचली. त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, सखालिन बेटावरच्या ओडोप्तू क्षेत्रात, २०११ साली एक तेलविहीर १२,३४५ मीटरवर थांबली. आता हे दोन आकडे एका तक्त्यात ‘खोली’ नावाच्या रकान्यात भरा आणि उतरत्या क्रमाने लावा. सखालिनची विहीर वर येते, कोलाची खाली जाते, आणि उत्तर साफ चुकतं. सखालिनच्या विहिरीचं तोंड आणि टोक यांच्यातलं आडवं अंतरच ११,४७५ मीटर आहे. म्हणजे शाळेत शिकलेला पायथागोरस वापरला तरी कळतं, की तिची उभी खोली कोलाच्या निम्मीसुद्धा असणं शक्य नाही.

तेलाचे भाव, नवे साठे, फ्रॅकिंगवरची बंदी, असं काहीबाही बातम्यांत येत असतं. ऊर्जा क्षेत्रासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या हातात मात्र येते ती आकड्यांनी भरलेली फाइल. त्यात ‘ड्रिलिंगची पद्धत’ असा एक रकाना असतो, बहुतेक वेळा रिकामा, आणि तो माहितीपुरता आहे असं समजून पुढे जायची सवय सगळ्यांनाच असते. खरं तर शेजारच्या वीस रकान्यांचा अर्थ त्या एका रकान्यावर ठरतो. म्हणून इथे पद्धतींची तुलना करताना यंत्रांपेक्षा आकड्यांकडे जास्त बघू या.

आपटणं आणि फिरवणं

जमिनीत भोक पाडायच्या मूळ पद्धती दोनच. पहिली आपटण्याची: जड पोलादी छिन्नी दोराला बांधायची, उचलायची, सोडून द्यायची. चीनमध्ये मिठाच्या पाण्यासाठी शतकानुशतकं असंच काम चालायचं; सिचुआनमधल्या झिगाँग इथली एक विहीर १८३५ साली या पद्धतीने हजार मीटरच्या पुढे गेली होती. एडविन ड्रेक यांनी १८५९ साली पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल इथे तेल काढलं तेही आपटूनच, अवघ्या २१ मीटरवर. या पद्धतीत थोडं आपटून झालं की छिन्नी वर काढायची, तळाचा चुरा उपसायचा आणि पुन्हा आपटायला लागायचं. त्या काळच्या विहिरींच्या कागदावरच्या नोंदी आज डिजिटल करणाऱ्यांना त्यात मिनिटामिनिटाचं काही सापडत नाही. ‘या फुटाला करडा खडक, त्या फुटाला वाळू’ एवढंच सापडतं.

दुसरी पद्धत फिरवण्याची, म्हणजे रोटरी. पोकळ पाइपच्या टोकाला दातेरी बिट लावायचं, पाइप फिरवायचा आणि त्याच्या पोकळीतून द्रव खाली सोडायचा. हा द्रव बिटमधून बाहेर पडतो आणि चुऱ्यासकट पाइपच्या बाहेरच्या फटीतून वर येतो. टेक्सासमधल्या स्पिंडलटॉप इथे १० जानेवारी १९०१ रोजी अशाच विहिरीतून तेलाचा फवारा उडाला आणि तो आवरायला नऊ दिवस लागले. तिथली भुसभुशीत वाळू ढासळू नये म्हणून खणणाऱ्यांनी पाण्याच्या डबक्यात गुरं फिरवून चिखल तयार केला, असं सांगतात. आज तेल आणि वायूच्या जवळपास सगळ्या विहिरी रोटरीच्याच वारसदार आहेत. त्यामुळे खरी तुलना रोटरीच्या पोटातल्या प्रकारांची करायची आहे.

चिखल: हाच माल वाहतो, हाच निरोप आणतो

या द्रवाला रिगवर, म्हणजे विहीर खणणाऱ्या यंत्रणेवर, ‘मड’ म्हणतात. तो बिट थंड ठेवतो, चुरा वर आणतो आणि स्वतःच्या वजनाने खडकातलं तेल-वायू दाबून धरतो. प्रोग्रामरला त्याच्या वाटेचा उशीर समजला पाहिजे. आत्ता वर आलेला चुरा आत्ता बिट जिथे आहे तिथला नसतो. तळापासून वर यायला त्याला खोल विहिरीत तासभरही लागतो. चुऱ्याचं वर्णन वेळेनुसार नोंदवलेलं असतं. ते खोलीवर बसवायचं तर पंपाचा वेग आणि फटीचं आकारमान यांवरून तो उशीर वजा करावा लागतो. नुसत्या वेळेच्या शिक्क्यावर दोन तक्ते जोडले, तर वाळूचा थर शेलच्या, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाच्या, जागी दिसायला लागतो. आणि हे कुठे एररही देत नाही.

बिटजवळच्या सेन्सरचे निरोपसुद्धा याच चिखलातून वर येतात. खाली एक झडप उघडझाप करते, मडच्या दाबात लहानलहान ठोके उमटतात आणि वरचा सेन्सर ते वाचतो. वेग किती, तर सेकंदाला माहितीचे काही बिट (खणायचं बिट नव्हे), फार झालं तर काही दहा. ‘रिअल टाइम’ हा शब्द ऐकून डोळ्यांसमोर जे येतं, ते इथे विसरायचं. म्हणून विहीर चालू असताना आलेला विरळ डेटा आणि अवजार वर काढल्यावर त्याच्या मेमरीतून उतरवलेला दाट डेटा, असे एकाच मोजमापाचे दोन संच असतात आणि ते तंतोतंत जुळत नाहीत. दोन्ही ठेवायचे, कुठला कुठून आला ते लिहायचं.

काही ठिकाणी खडक कठीण असतो, पाण्याचा त्रास नसतो; तिथे मडऐवजी हवा किंवा फेस वापरतात. काम झपाट्याने होतं. पण हवा दाबली जाते, त्यामुळे हे ठोके वरपर्यंत पोहोचत नाहीत. मग निरोप विद्युतचुंबकीय लहरींनी जमिनीतून पाठवावे लागतात. हवेने केलेल्या विहिरीत मडच्या ठोक्यांचा रकाना रिकामा दिसला, तर तो बिघाड नाही.

मडचा हिशेब आणखी एका कारणासाठी जिवावरचा आहे. जितकं मड आत गेलं त्यापेक्षा जास्त बाहेर येऊ लागलं, तर खडकातलं काहीतरी विहिरीत शिरतं आहे. याला ‘किक’ म्हणतात. ती वेळीच रोखली नाही तर स्फोट. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातातल्या मकोन्डो विहिरीवर हेच झालं आणि ११ जणांचा जीव गेला. त्या विहिरीचे आकडे स्फोटापर्यंत किनाऱ्यावर येत होते. त्या दिवशी मड टाक्यांमधून शेजारच्या जहाजावरही चढवलं जात होतं, त्यामुळे आत किती आणि बाहेर किती हा ताळा बराच वेळ भरवशाचा राहिला नव्हता. अलार्मचा कोड लिहिणाऱ्याने ही घटना मुळातून वाचावी. सेन्सर होते, पण शेजारी चाललेल्या दुसऱ्या कामाची जोड त्यांच्या आकड्यांना नव्हती.

विहीर वाकली की ‘खोली’ फुटते

आता मुख्य मुद्दा. उभ्या विहिरीत पाइपची लांबी आणि जमिनीखालची खोली जवळपास एकच. तिरकी विहीर घेतली की त्या दोन वेगळ्या होतात. घाटरस्त्याने जाताना गाडीवर नोंदलेले किलोमीटर वेगळे आणि चढलेली उंची वेगळी, तसंच. पाइपच्या वाटेने मोजली ती ‘मोजलेली खोली’, सरळ खाली मोजली ती ‘उभी खोली’. पाइप किती लागेल, सिमेंट किती, किती वेळ जाईल, हे सगळं मोजलेल्या खोलीवर चालतं. खडकाचा दाब, तापमान, तेलाचा थर हे उभ्या खोलीवर. दाबाच्या सूत्रात मोजलेली खोली घातली, तर आडव्या विहिरीत दाब भलताच फुगतो. ही चूक दिसायला क्षुल्लक आणि परिणामाने सगळ्यात महाग.

विहीर आडवी करायचं कारण साधं आहे. तेलाचा थर बहुधा जाडीला कमी आणि पसरट असतो. उभी विहीर त्याला काही मीटर भेटते, आडवी विहीर दोन-तीन किलोमीटर.

वाकवतात दोन प्रकारांनी. पहिल्यात बिटच्या मागे मडच्या जोरावर फिरणारी मोटर असते आणि तिला किंचित बाक दिलेला असतो. वळायचं असेल तेव्हा वरून पाइप फिरवणं थांबवतात आणि नुसतं पुढे सरकवतात. सरळ जायचं असेल तेव्हा सगळंच फिरवतात. रिगवर याला ‘स्लाइड’ आणि ‘रोटेट’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात दिशा देणारी यंत्रणा पाइप फिरत असतानाच बिटला ढकलते. हे अवजार महाग, पण भोक गुळगुळीत. पहिल्या प्रकारात वरच्या फेऱ्यांचा आकडा शून्य दिसला तरी खाली बिट जोरात फिरत असतं. ‘फेरे शून्य म्हणजे काम बंद’ असा नियम कोडमध्ये असेल, तर स्लाइडचे सगळे तास वाया गेलेला वेळ म्हणून मोजले जातील. कोलाच्या बोअरवरही बिट खालच्या टर्बाइननेच फिरवत होते, तेव्हा हे प्रकरण आजचं नाही.

विहीर नेमकी कुठे आहे, हे कुणी डोळ्यांनी पाहत नाही. साधारण दर ३० मीटरला तीन आकडे मिळतात: मोजलेली खोली, उभ्या रेषेपासूनचा कोन आणि उत्तरेपासूनची दिशा. दोन नोंदींमधला तुकडा वर्तुळाच्या कमानीसारखा आहे असं धरून जागा काढायची. या ‘किमान वक्रता’ पद्धतीचं सूत्र चार ओळींचं आहे. पण दोन नोंदींमध्ये काहीच वळण नसेल तेव्हा त्यात शून्याने भागाकार येतो. तेवढी एक अट विसरल्यामुळे सरळ विहिरींवर कोसळणारे प्रोग्राम अजूनही भेटतात.

आणि उत्तर दिशा एक नसते, तीन असतात. होकायंत्राची, भौगोलिक, आणि नकाशाच्या चौकटीची. सेन्सर पहिली देतो, नकाशाला तिसरी लागते. होकायंत्राची उत्तर वर्षागणिक सरकते, म्हणून दुरुस्ती करताना सर्वेक्षणाची तारीखही लागते. तारखेचा रकाना वगळून नुसते कोन साठवले, तर पुढे कुणालाच ती दुरुस्ती पडताळता येत नाही. एकाच जागेवरून दहा-वीस विहिरी फाकत जातात तिथे दोन विहिरी एकमेकींना खाली भिडायचा धोका याच आकड्यांतून मोजायचा असतो.

मग ‘विहीर’ म्हणजे तरी काय?

खाली अडथळा आला की मधूनच फाटा फोडून नव्या वाटेने जातात. याला साइडट्रॅक म्हणतात. कधी मुद्दामच एका खोडातून तीन-चार फांद्या काढतात. जमिनीवर तोंड एकच. अमेरिकेत प्रत्येक विहिरीला जो एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) क्रमांक असतो त्यात याची सोय आहे: पहिले दोन अंक राज्याचे, तीन कौंटीचे (जिल्ह्याचे), पाच विहिरीचे, पुढचे दोन फाट्याचे, त्यापुढचे दोन तिथे झालेल्या कामाचे. कुणी दहाच अंक ठेवतं, कुणी बारा, कुणी चौदा. तक्ते जोडताना ही लांबी बघितली नाही तर एका विहिरीचं उत्पादन तीनदा मोजलं जातं. आणखी एक मेख: हा क्रमांक पूर्णांक म्हणून साठवला तर शून्याने सुरू होणाऱ्या राज्यांचा पहिला अंक गळतो. मजकूर म्हणूनच ठेवायचा.

‘फ्रॅकिंग’ ही ड्रिलिंगची पद्धत नव्हे

बातम्यांनी सगळ्यात जास्त गोंधळ इथे घातला आहे. ड्रिलिंग संपतं, विहिरीत पोलादी नळ्या बसतात, त्यांच्यामागे सिमेंट भरतं, आणि बऱ्याचदा रिग उठून दुसरीकडे जाते. त्यानंतर पंपांचा ताफा येतो आणि पाणी, वाळू व थोडी रसायनं प्रचंड दाबाने आत सोडून खडकाला तडे पाडतो. वाळू ते तडे मिटू देत नाही. पहिला प्रयोग १९४७ साली कॅन्ससमधल्या ह्यूगटन वायूक्षेत्रात झाला, तोही उभ्या विहिरीत. जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पातळ पाण्याने फ्रॅकिंग जमवून दाखवलं. पुढे त्याला आडव्या विहिरीची जोड मिळाली, आणि शेलमधून निघणाऱ्या तेल-वायूचं गणित बदललं.

डेटाच्या बाजूने ही दोन वेगळी जगं आहेत. ड्रिलिंगचा आकडा खोलीला बांधलेला असतो. फ्रॅकिंगचा आकडा टप्प्याला बांधलेला असतो: आडव्या विहिरीचे टोकाकडून सुरुवात करत तुकडे पाडायचे, आणि प्रत्येक तुकड्याचा दाब, वेग, वाळू सेकंदासेकंदाला नोंदायची. दोन्ही एका तक्त्यात कोंबू नका.

कमी दिसणाऱ्या, पण कोड मोडणाऱ्या पद्धती

नेहमीच्या रिगवर तीन पाइपांचा जोड, साधारण २७ मीटर, संपला की पंप थांबवून नवा जोड लावतात. ‘पंप बंद, बिट वर उचललं, वजन कमी झालं’ या खुणांवरून सॉफ्टवेअर ते ओळखतं. आता कॉइल्ड ट्यूबिंग बघा: भल्यामोठ्या रिळावर गुंडाळलेली अखंड नळी. ती वरून फिरवता येत नाही आणि तिला जोड नसतात. वरच्या फेऱ्यांचा रकाना कायम रिकामा, पाइप जोडायच्या वेळा शून्य. नेहमीचा प्रोग्राम ही विहीर बंद पडली आहे असंच सांगेल.

केसिंगनेच ड्रिलिंग करतात तेव्हा विहिरीत कायम राहणारी नळीच फिरवली जाते. भिंत ढासळायच्या आत आधार बसतो, आणि ‘पाइप बाहेर काढला’ हा टप्पाच नाहीसा होतो.

दाबाच्या बाबतीतही असंच. एरवी विहिरीचं तोंड मोकळं असतं आणि तळाचा दाब मडच्या वजनाने सांभाळतात. नियंत्रित दाबाच्या पद्धतीत तोंड बंद करून वरच्या झडपेने दाब कमीजास्त करतात. एरवी तोंडाशी दाब दिसणं म्हणजे संकट, इथे ते रोजचं काम. त्याच्याही पुढे, तळाचा दाब मुद्दाम खडकापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे खणतानाच विहीर वाहू लागते. ‘आत कमी, बाहेर जास्त’ हा किकचा नियम तिथे दिवसभर बोंबलत राहील. आणि सतत ओरडणारा अलार्म माणसं बंद करून टाकतात.

समुद्रात शून्य कुठे धरायचं?

खोली मोजायची कुठून? रिगवरच्या फिरत्या तबकडीपासून, म्हणजे रोटरी टेबलपासून. ती जमिनीपासून काही मीटर उंच असते, आणि रिग बदलली की तिची उंचीही बदलते. दहा वर्षांनी त्याच विहिरीवर दुसरी रिग आली, तर त्याच थराची मोजलेली खोली काही मीटरनी वेगळी येईल आणि दोन्ही आकडे बरोबर असतील. खोलीसोबत तिचा शून्यबिंदू आणि त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची साठवली नाही, तर तो आकडा निम्मा हरवला असं समजा.

समुद्रात उथळ पाण्यात, साधारण १२० मीटरपर्यंत, तळावर पाय रोवून उभी राहणारी जॅकअप रिग चालते. त्यापुढे तरंगणाऱ्या रिग किंवा ड्रिलशिप. तीन हजार मीटरहून खोल पाण्यातही त्या विहिरी खणतात, जागेवर राहायला उपग्रहाची मदत आणि स्वतःचे पंखे वापरून. ही सगळी यंत्रणा लाटांबरोबर वरखाली होत असते. हालचालीची दुरुस्ती न केलेला डेटा घेतला, तर दर काही सेकंदांनी बिट उलटं चाललेलं दिसतं.

आडव्या दिशेची चूक तर त्याहून भयंकर. २० नोव्हेंबर १९८० रोजी लुइझियानातल्या पेनिअर तलावात तेलाच्या शोधात चाललेलं बिट खालच्या मिठाच्या खाणीत घुसलं. अख्खा तलाव खाणीत रिकामा झाला, रिग गेली, ११ बार्ज ओढल्या गेल्या. खाणीतले ५५ कामगार वाचले, हे आश्चर्यच. पुरावा पाण्याबरोबर गेला, तरी नकाशावरची जागा वाचण्यात झालेली गल्लत हेच कारण मानलं जातं. अक्षांश-रेखांशांसोबत कुठली निर्देशांक पद्धत ते लिहिणं हा कागदी सोपस्कार वाटत असेल, त्याने हे प्रकरण वाचावं. फुटांचीही गंमत आहे: अमेरिकेत सर्वेक्षणाचा फूट आणि आंतरराष्ट्रीय फूट वेगळे होते. फरक दहा लाखात दोन भागांचा, पण जुन्या नकाशांतले निर्देशांक वीस लाख फुटांच्या घरात असले की तो चार फुटांचा होतो.

“पण यासाठी मानकं आहेत ना?”

आहेत. रिगवरचा डेटा पाठवण्यासाठी विट्सएमएल हे मानक बरंच रुळलेलं आहे, विहिरीच्या लॉगसाठी, म्हणजे खोलीनुसार केलेल्या मोजमापांच्या नोंदीसाठी, लास फाइल आहे. मानक रकान्याचं नाव आणि एकक सांगतं. स्लाइड चालू होतं की रोटेट, हवा होती की मड, हे भरणाऱ्याने भरलं तरच कळतं. लास फाइलमध्ये ‘माहिती नाही’ यासाठी बहुतेक वेळा −९९९.२५ लिहितात. तो आकडा न गाळता सरासरी काढली तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

“मॉडेलला भरपूर डेटा दिला की ते आपोआप शिकेल”

उभ्या विहिरींच्या डेटावर शिकलेलं मॉडेल आडव्या विहिरीवर लावलं तर ते बिटवरचं वजन चुकीचं समजतं. हे वजन वर, पाइप टांगलेल्या हुकावर मोजलेलं असतं. आडव्या विहिरीत पाइप भोकाच्या तळाला घासत जातो आणि बरंचसं वजन त्या घर्षणात खर्च होतं. रकाना तोच, एकक तेच, पण बिटपर्यंत किती पोहोचलं ते वेगळं. म्हणून मॉडेलला आकडे देण्याआधी पद्धत, कोन आणि स्लाइड की रोटेट हे द्यावं, नाहीतर डेटा वाढवल्याने फक्त चूक पक्की होते.

“तेलाचे दिवस संपत आले, आता हे कशाला?”

जमिनीतली उष्णता वापरायची किंवा कार्बन डायऑक्साइड खाली पुरायचा, तरी विहीर लागतेच, आणि ती याच अवजारांनी खणली जाते. युटामधल्या फोर्ज या भूऔष्णिक प्रकल्पात ग्रॅनाइटमध्ये सुमारे ६५ अंश कललेली विहीर खणली आणि नंतर तिच्यात खडकाला तडेही पाडले. तेलाच्या विहिरीसाठी लिहिलेला वाटेचा हिशेब तिथे जसाच्या तसा चालतो. बदलतं ते तापमान. उष्णतेने खालचे सेन्सर लवकर मरतात, त्यामुळे अशा विहिरींच्या नोंदींत मधेच शेकडो मीटरची भगदाडं असू शकतात. ती सरासरीने भरून काढायच्या आधी सेन्सर कधी बंद पडला, ती वेळ वेगळ्या रकान्यात नोंदवा.